टेक्निशियनचा तासाचा दर: सॉफ्टवेअरमध्ये आकडा टाकण्याआधी

भोसरीतल्या एका कारखान्यात चिलर (थंडाव्यासाठी पाणी गार करणारं मोठं यंत्र) बंद पडतो. दुपारी फोन येतो. टेक्निशियन आणि हेल्पर चार वाजता बाईकवरून निघतात आणि चार चाळीसला गेटवर पोचतात. तिथे रजिस्टरमध्ये नोंद, गेटपास, सेफ्टी इंडक्शनचा व्हिडिओ, मग ब्रेझिंग (आगीवर नळ्या जोडणं) करायचं म्हणून हॉट वर्क परमिटवर, म्हणजे आगीच्या कामाच्या परवानगीवर, कुणाची तरी सही, आणि तो सही करणारा मीटिंगमध्ये. प्रत्यक्ष पाना हातात येतो साडेपाचला. सव्वाआठला मशीन सुरू होतं, नऊला दोघे परत ऑफिसात.

आता बिल किती तासांचं करायचं? फक्त काम धरलं तर पावणेतीन तास. गेटपासून धरलं तर साडेतीनच्या वर. निघाल्यापासून परत येईपर्यंत धरलं तर पाच, आणि माणसं दोन म्हणून दहा. यातलं कुठलंच उत्तर लबाडीचं नाही. अडचण एवढीच, की फील्ड सर्व्हिस मॅनेजमेंटचं सॉफ्टवेअर यातलं एक उत्तर तुम्हाला न विचारता निवडतं. ते कुठलं, हे आधी कुणी बसवलं नसेल तर महिनाअखेरीला गिऱ्हाईकाच्या अकाउंट्सवाल्याकडून कळतं.

हे सॉफ्टवेअर म्हणजे काय, तर कॉल कुणाचा आला, कुणाला पाठवला, त्याने काय केलं, किती वेळ लागला, कोणते स्पेअर वापरले आणि त्याचं बिल किती झालं, ही साखळी एका ठिकाणी ठेवणारी व्यवस्था. एसी, लिफ्ट, जनरेटर, सीसीटीव्ही, वॉटर प्युरिफायर, कुणाचाही सर्व्हिसचा धंदा असो, जॉब कार्डांच्या, म्हणजे प्रत्येक कॉलच्या कागदी नोंदींच्या, गठ्ठ्याची जागा हळूहळू हे घेतंय. झोहो एफएसएम, ओडू, मायक्रोसॉफ्टचं डायनॅमिक्स ३६५ फील्ड सर्व्हिस अशी नावं तुमच्या कानावर आली असतील. पडदे वेगळे असले तरी दराच्या बाबतीत अडखळायच्या जागा सगळीकडे जवळपास त्याच असतात. म्हणून एकाच काल्पनिक धंद्याचं उदाहरण शेवटपर्यंत धरतो: पिंपरी-चिंचवड भागातला, आठ टेक्निशियनचा, औद्योगिक एसी आणि चिलर दुरुस्त करणारा.

आधी कागद-पेन्सिल

दर ठरवायची रूढ पद्धत अशी, की शेजारचा पाचशे घेतो, आपण साडेचारशे घेऊ. ती वाईट म्हणत नाही, बाजार बघावाच लागतो. पण आपल्याला तो तास केवढ्याला पडतो हे माहीत नसेल, तर साडेचारशेत आपण कमावतोय की घालवतोय हे कळणार कसं?

समजा टेक्निशियनचा एकूण पगार २०,००० रुपये आणि त्यात मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १५,०००. मालकाच्या वाट्याचा भविष्य निर्वाह निधी १२ टक्के, वर प्रशासकीय खर्च आणि विम्याचा मिळून १ टक्का, म्हणजे १,९५०. पगार २१,००० च्या आत आहे, म्हणून ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) ३.२५ टक्के: ६५०. दिवाळीला एक मूळ पगार बोनस धरला तर महिन्याला १,२५०. ग्रॅच्युइटी वर्षाला १५ दिवसांची, २६ ने भागून, महिन्याला सुमारे ७२०. युनिफॉर्म, सेफ्टी शूज, मोबाईल रिचार्ज, हत्यारांची झीज असे हजारभर. बेरीज साधारण २५,६०० रुपये.

इथे बहुतेक जण २६ दिवस गुणिले ८ तास, म्हणजे २०८ ने भागतात आणि १२३ रुपये तास असं उत्तर काढून खूश होतात.

पण तुम्ही पगार देता २०८ तासांचा आणि विकता त्यातले काहीच. रजा आणि सणाच्या सुट्ट्यांचे सरासरी दोन दिवस काढा, १९२ उरले. रोजचा दोन तास प्रवास काढा, १४४. सकाळी स्टोअरमधून गॅस सिलिंडर आणि स्पेअर घेणं, संध्याकाळी सर्व्हिस रिपोर्ट जमा करणं यात रोजचा पाऊण तास जातो, १२६ उरले. मग आपल्याच चुकीने पुन्हा गेलेले कॉल, वॉरंटीचं फुकट काम, ट्रेनिंग आणि कॉल नाही म्हणून बसलेला वेळ, मिळून बावीस तास. हातात राहिले १०४. बरोबर निम्मे.

२५,६०० भागिले १०४ म्हणजे २४६ रुपये. अजून ऑफिस आहेच. भाडं, कॉल वाटणारी ताई, स्टोअरकीपर, वीज, सॉफ्टवेअरची वर्गणी आणि तुमचा स्वतःचा पगार (हो, तोसुद्धा, मालक फुकट राबतो या गृहीतकावर काढलेला दर टिकत नाही) असं महिन्याला १,६०,००० धरलं तर आठ जणांत प्रत्येकी २०,०००. एकूण ४५,६०० भागिले १०४, म्हणजे ४३८ रुपये. एवढ्याला तास विकला तर नफा शून्य.

वीस टक्के नफा हवा म्हणून ४३८ ला १.२ ने गुणलं तर ५२६ येतात. पण विक्रीवर वीस टक्के हवे असतील तर ०.८ ने भागायला हवं, ते होतात ५४८. बावीस रुपयांचा फरक किरकोळ वाटतो. आठ जणांचे महिन्याचे ८३२ तास आहेत, गुणाकार करून बघा: अठरा हजारांच्या वर जातो. आपण गोल ५५० धरू.

एक सूचना लगेच. प्रवासाचे तास आपण वर वजा केलेत, म्हणजे त्यांचा खर्च या ५५० मध्ये आधीच आलाय. उद्या प्रवास वेगळा लावायचा ठरवलात तर ती जादा कमाई आहे की दुहेरी वसुली, हे मनाशी स्पष्ट ठेवा. गिऱ्हाईकाचा पर्चेसवाला हा प्रश्न एक दिवस विचारतोच.

माणसाला खर्च चिकटवा, कामाला दर

आता सॉफ्टवेअर उघडा. टेक्निशियनच्या पानावर 'तासाचा दर' असा रकाना दिसतो आणि हात आपोआप ५५० टाकायला जातो. थांबा. बहुतेक ठिकाणी तो रकाना तुम्हाला पडणाऱ्या खर्चाचा असतो, गिऱ्हाईकाला लावायच्या दराचा नसतो. ओडूमध्ये कर्मचाऱ्याच्या पानावर खर्चाचा तास टाकतात, आणि बिलाचा दर प्रकल्पाच्या किंवा सेवेच्या बाजूला ठरतो. दोन्ही आकडे एकाच जागी कोंबले, की बिल कदाचित बरोबर निघेल, पण नफ्याचा रिपोर्ट कायमचा खोटा होईल: खर्च ५५०, विक्री ५५०, नफा शून्य. मग मालक म्हणणार, सॉफ्टवेअर बिघडलंय.

खर्चाच्या रकान्यात काय टाकायचं, १२३ की २४६ की ४३८? माझं मत २४६. म्हणजे माणसाचा खरा खर्च, विकता येणाऱ्या तासांवर वाटलेला. ऑफिसचा खर्च त्यात मिसळला, तर कुठला कॉल माणसामुळे महाग पडला आणि कुठला भाड्यामुळे, हे उलगडता येत नाही. हिशेबनीस वेगळं सांगेल. त्याचं ऐकलंत तरी चालेल, पण आठही जणांना एकच नियम लावा.

बिलाचा दर माणसावर का ठेवायचा नाही, याचं कारण रोजच्या धंद्यात आहे. साधं फिल्टर साफ करायचं काम आहे, पण आज रिकामा आहे तो तुमचा सगळ्यात जुना, चिलरचा वाकबगार माणूस. त्याचा दर ८५० असेल आणि दर माणसाला चिकटलेला असेल, तर गिऱ्हाईकाला फिल्टर साफ करायचे तासाला ८५० लागले. तो विचारणारच, की तुमच्याकडे माणूस नव्हता हा माझा गुन्हा का? म्हणून बिलाचा दर सेवेच्या नगावर ठेवा: 'हेल्पर काम' ३००, 'एसी दुरुस्ती' ५५०, 'चिलर निदान व दुरुस्ती' ८५०. कोण गेला याने खर्च बदलेल, काय केलं याने बिल. माणूस सोडून गेला, बढती मिळाली, नवा आला, तरी दरपत्रकाला हात लावावा लागत नाही.

आणि खर्चाचा रकाना टेक्निशियनच्या मोबाईलवर दिसतोय का, तेवढं पहिल्याच दिवशी तपासा. एका ठिकाणी आम्ही ते विसरलो. दुपारपर्यंत सगळ्यांना सगळ्यांचे पगार कळले होते, आणि तो आठवडा कॉलपेक्षा समजुती घालण्यात गेला.

दरपत्रकं एकाहून जास्त होतात, ते टळत नाही. सर्वसाधारण दर, एएमसीवाल्यांचा (वार्षिक देखभाल करार केलेल्यांचा) दर, मोठ्या कंपनीशी वर्षासाठी ठरलेला दर. इथे उतरंड लागते. एकाच कॉलला तीन दर लागू होऊ शकत असतील तर कुठला जिंकणार? नेहमीचा क्रम असा: करार असेल तर करार, नाहीतर त्या साईटचा दर, नाहीतर त्या गिऱ्हाईकाचा, काहीच नसेल तर सर्वसाधारण. तुमचं सॉफ्टवेअर हाच क्रम पाळतं असं धरून चालू नका. एक खोटा कॉल टाकून बघा. एकाच कंपनीचे चाकण आणि रांजणगाव असे दोन प्लांट आणि दोघांचे दर वेगळे असतील, तर नेमकी इथेच गफलत होते.

दराला 'कधीपासून' आणि 'कधीपर्यंत' या तारखा हव्याच. एक एप्रिलला दर वाढवताना जुना आकडा पुसून नवा लिहिलात, तर मार्चमध्ये काम झालेले पण अजून बिल न निघालेले कॉल नव्या दराने निघतात. जुनी ओळ बंद करा, नवी ओळ उघडा. सॉफ्टवेअर काम झालेली तारीख बघतं की बिल काढायची, तेही विचारून घ्या.

तास म्हणजे नेमका कुठला तास

दर झाला. आता घड्याळ. माझ्या अनुभवात भांडणं दरावरून कमी होतात, तासांवरून जास्त.

टेक्निशियनच्या मोबाईलवर बटणं असतात: निघालो, पोचलो, काम सुरू, थांबलो, संपलं. कल्पना सुरेख आहे. प्रत्यक्षात पहिले दोन महिने सगळी बटणं संध्याकाळी सात वाजता चहाच्या टपरीवर एकापाठोपाठ एक दाबली जातात आणि कॉल चार मिनिटांत संपल्याची नोंद होते. यात पोरांचा दोष कमी असतो. बेसमेंटमधल्या प्लांट रूममध्ये रेंज नसते, हातमोजे तेलकट असतात. ऑफलाइन नोंद घेणारं ॲप हवं आणि बटणं कमी हवीत. 'पोचलो', 'सुरू' आणि 'संपलं' एवढी तीन रोज नीट दाबली गेली तरी पुष्कळ झालं.

दुसरं घड्याळ गिऱ्हाईकाकडे असतं: गेटवरचं रजिस्टर. वाद झाला की तेच उघडलं जातं. आपल्या बिलात 'साडेपाच तास' दिसतात आणि गेटचं रजिस्टर पावणेचारसुद्धा दाखवत नाही, तर पर्चेसवाला तुम्हाला खोटारडा ठरवणार. खरं तर दोन माणसं पावणेतीन तास होती, म्हणून साडेपाच. तेव्हा बिलावर माणसं आणि तास वेगळे छापा: टेक्निशियन १, तास २.७५, हेल्पर १, तास २.७५. पुष्कळ सॉफ्टवेअरांचा मूळ नमुना फक्त बेरीज छापतो. तो बदलून घ्या.

गेटवर गेलेला वेळ कुणाचा? काही जण तो पूर्ण दराने लावतात आणि गिऱ्हाईक गमावतात. काही जण अजिबात लावत नाहीत आणि महिन्याला कित्येक तास दान करतात. मला मधला रस्ता पटतो: पहिला अर्धा तास आमचा, त्यापुढे निम्म्या दराने थांबण्याचा आकार. त्यासाठी 'थांबणं' हा वेळेचा वेगळा प्रकार सॉफ्टवेअरमध्ये करावा लागतो, कामाच्या वेळेत मिसळून भागत नाही. याचा एक फायदा मागाहून लक्षात येतो. तीन महिन्यांनी कुठल्या कंपनीच्या गेटवर आपली माणसं किती तास उभी राहतात याची यादी हातात असते, आणि पुढच्या वर्षीचा करार करताना ती टेबलावर ठेवता येते.

पूर्णांकन, म्हणजे मिनिटं गोल करणं, ही दिसायला क्षुल्लक बाब आहे. पंधरा मिनिटांच्या पटीत वर न्यायचं असं ठरलं. टेक्निशियनने काम तीन तुकड्यांत केलं, ३५, १० आणि २२ मिनिटं, एकूण ६७. बेरीज करून गोल केली तर ७५ मिनिटं, ५५० च्या दराने ६८७.५० रुपये. प्रत्येक तुकडा आधी गोल केला तर ४५, १५ आणि ३० मिळून ९० मिनिटं, ८२५ रुपये. काम तेच, दर तोच. बेरीज करून गोल करणंच सरळ, आणि भांडणात टिकतं तेही हेच. डायनॅमिक्समध्ये प्रत्यक्ष लागलेला वेळ आणि बिलात धरायचा वेळ असे दोन वेगळे रकाने असतात. ही सोय जिथे असेल तिथे जरूर वापरा. मूळ नोंदीला कधीही हात लावू नये, गोल करायचा तो बिलाचा वेळ.

किमान आकार म्हणजे आपला जुना व्हिजिट चार्जच. दहा मिनिटांत एमसीबी वर करून आला तरी एका तासाचे पैसे. आधी मिनिटं गोल होतात, मग किमान तपासलं जातं. तो 'भेटीला' लागतो की 'माणसाला' की 'कॉलला', एवढं ठरवा. माणसाला लावलात तर हेल्परचाही किमान तास लागतो. कॉलला लावलात तर स्पेअर आणायला जाऊन दुसऱ्या दिवशी परत आलेल्या भेटीला तो पुन्हा लागत नाही, आणि तसंच असावं. एका बिघाडाचे दोन व्हिजिट चार्ज बघून चिडणार नाही असं गिऱ्हाईक मी पाहिलेलं नाही.

प्रवासाबद्दल थोडक्यात. तासावर लावलात तर चाकणच्या तळेगाव चौकातल्या कोंडीचे पैसे गिऱ्हाईक का देईल? किलोमीटरवर लावलात तर रोज वाद. पट्टे करा, म्हणजे झोन: जवळचा, मधला, लांबचा, प्रत्येकाला ठोक रक्कम, आणि गाडीला एकदाच, माणशी नाही. पिनकोडवर पट्टे बांधायचा मोह होतो, पण ४१०५०१ हा चाकणचा पिनकोड आजूबाजूच्या कितीतरी गावांना आहे. साईटनुसार पट्टा हाताने नेमा. पन्नास-साठ साईटचं काम एका दुपारी होतं.

गुरुवारची सुट्टी

आता सगळ्यात गुंतागुंतीचा भाग. कार्यालयीन वेळेनंतर दीडपट, सुट्टीला दुप्पट, असं प्रत्येक दरपत्रकात असतं. सॉफ्टवेअरमध्ये हे बसवताना पहिला घोटाळा हा, की पगाराचा ओव्हरटाइम आणि बिलाचा जादा दर या दोन गोष्टी एकच समजल्या जातात.

पगाराचा ओव्हरटाइम माणसाच्या दिवसावर ठरतो. त्याचे दिवसाचे किंवा आठवड्याचे ठरलेले तास भरले की पुढच्या वेळेला दुप्पट दराने मजुरी द्यायची, हे महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातही आहे आणि १९४८ च्या कारखाने अधिनियमातही होतं. बिलाचा जादा दर मात्र गिऱ्हाईकाच्या घड्याळावर ठरतो. दुपारी दोनला कामावर आलेला टेक्निशियन रात्री आठला कॉल करतो. गिऱ्हाईकाला दीडपट लागेल, पण त्याला ओव्हरटाइम नाही, कारण त्याचे आठ तास अजून भरले नाहीत. उलट सकाळी सातला बोलावलेला माणूस संध्याकाळी पाचला तिसऱ्या साईटवर आहे. त्याचे ठरलेले तास भरले असतील तर त्याला ओव्हरटाइम द्यावाच लागेल, पण गिऱ्हाईकाला साधाच दर, कारण पाच वाजणं ही त्याच्या दृष्टीने कामाचीच वेळ. म्हणून नियमांचे दोन स्वतंत्र तक्ते. एकाच तक्त्यावर दोन्ही चालवू पाहणारी मांडणी दिसली, तर विकणाऱ्याला परत पाठवा.

दुसरा घोटाळा दोन दरांच्या सीमेचा. साडेपाचला सुरू झालेलं काम सव्वाआठला संपलं आणि सहानंतर दीडपट आहे. सॉफ्टवेअर सुरुवातीची वेळ बघून सगळ्याला साधा दर लावत असेल तर २.७५ गुणिले ५५०, म्हणजे १,५१२.५०. सहाला तुकडा पाडत असेल तर अर्ध्या तासाचे २७५ आणि सव्वादोन तासांचे ८२५ च्या दराने १,८५६.२५, मिळून २,१३१.२५. एका कॉलला सहाशेच्या वर फरक. काही प्रणाली वेळ आपोआप तोडतात, काहींत टेक्निशियनने सहाला थांबवून पुन्हा सुरू करावं अशी अपेक्षा असते. ती कुणी पुरी करत नाही.

तिसरा आपल्या मातीतला. यातली बरीच सॉफ्टवेअर शनिवार-रविवार सुट्टी असं गृहीत धरून येतात. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. कारखाना बंद, मशीन थंड, म्हणून देखभालीचं काम तेव्हाच करायचं असतं. म्हणजे गिऱ्हाईकाची सुट्टी हा तुमचा गर्दीचा दिवस. त्याला दुप्पट लावाल तर तो म्हणेल, बुधवारी या, मशीन चालू असताना करा. आणि रविवार? भोसरीतल्या प्लांटला तो साधा कामाचा दिवस, पण बाणेरच्या आयटी कंपनीला सुट्टी. तेव्हा सुट्टीचं कॅलेंडर आपल्या कंपनीला एकच न ठेवता साईटला जोडा, आणि देखभालीच्या ठरलेल्या कामाला सुट्टीचा दर लागू नये अशी सूट द्या. अचानक आलेल्या ब्रेकडाउनला मात्र लागू दे.

दोन जादा नियम एकदम लागू झाले तर? रविवार दुप्पट आणि तातडीचा कॉल दीडपट. सॉफ्टवेअर गुणाकार करून तिप्पट लावू शकतं. जो मोठा तो एकच लागेल, असं लिहून ठेवा आणि तसंच बसवा.

एएमसीला शून्य दर लावू नका

एएमसीत लेबर फुकट असतं म्हणून सगळे दर शून्य करून टाकतात. बिल बरोबर निघतं, पण मग त्या कराराने आपल्याला काय दिलं हे कधीच कळत नाही. दर ५५० च राहू द्या आणि कराराची शंभर टक्के सूट वेगळ्या ओळीत येऊ द्या. समजा ४८,००० ची वार्षिक एएमसी आहे आणि वर्षभरात ११२ तास गेले. तासाला पडले ४२९ रुपये. आपला ना-नफा-ना-तोटा आकडा होता ४३८. म्हणजे स्पेअरचा विचार करायच्या आधीच करार तोट्यात आहे, आणि दर शून्य ठेवला असता तर आपण हेच गिऱ्हाईक 'चांगलं' म्हणून जपत बसलो असतो. शिवाय गिऱ्हाईकालाही सर्व्हिस रिपोर्टवर सवलतीची रक्कम दिसते. नूतनीकरणाच्या बोलणीत तिचा उपयोग होतो.

जीएसटीचं एकच सांगतो. दुरुस्ती-देखभालीच्या सेवा ९९८७ या सेवा-कोडात येतात आणि त्यावर १८ टक्के कर लागतो. सॉफ्टवेअरमध्ये दर 'करासह' की 'कराशिवाय' अशी एक लहानशी खूण असते. ५५० टाकून ती चुकून 'करासह' राहिली, तर तुमच्या हातात पडतात ४६६, आणि ११२ रुपयांचा नफा २८ वर येतो. बिल तर व्यवस्थितच दिसतं, त्यामुळे हे महिनोन् महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

एक जुनं जॉब कार्ड काढा

हे सगळं बसवून झालं की विकणाऱ्याच्या नमुन्याच्या कॉलवर भरवसा ठेवू नका. आपलीच दहा जुनी जॉब कार्डं काढा, मुद्दाम वाकडी निवडा, आणि आधी हाताने हिशेब करा. सुरुवातीचा भोसरीचा कॉल घेऊ. काम ५५० च्या श्रेणीतलं निघालं असं धरा. टेक्निशियनच्या कामाचे २,१३१.२५. हेल्पर ३०० च्या दराने, तसाच तुकडा पाडून, १,१६२.५०. गेटवर पन्नास मिनिटं, त्यातली तीस आपली, उरलेली वीस गोल होऊन अर्धा तास, निम्म्या दराने टेक्निशियनचे १३७.५० आणि हेल्परचे ७५. जवळच्या पट्ट्याचा प्रवास समजा ३००. बेरीज ३,८०६.२५, वर कर ६८५.१३, एकूण ४,४९१.३८. आता तोच कॉल सॉफ्टवेअरमध्ये टाका. पहिल्या वेळी आकडा जुळत नाही. जुळला तर मला संशय येतो. कुठल्या नियमावर फाटा फुटला ते शोधा, दुरुस्त करा, पुन्हा चालवा.

आणि हो, थांबण्याचा आकार, सहानंतरचा दर, किमान तास, पट्टे, हे सगळं कोटेशनवर आणि पीओत (गिऱ्हाईकाच्या खरेदी आदेशात) लिहिलेलं असायला हवं. गिऱ्हाईकाने मान्य न केलेला नियम सॉफ्टवेअरने कितीही बिनचूक लावला तरी पैसे अडकतातच.

दर बदलण्याचा अधिकार एका-दोघांकडेच ठेवा. कॉल वाटणाऱ्या ताईला सूट देता यावी, पण दरपत्रक उघडता येऊ नये. सूट देताना कारण निवडणं सक्तीचं करा, नाहीतर 'जुनं गिऱ्हाईक' या एका नावाखाली सगळं वाहून जातं.

तीन महिन्यांनी एक रिपोर्ट काढा: माणशी महिन्याला प्रत्यक्ष बिल झालेले तास. आपण १०४ धरले होते. समजा ९१ निघाले. मग ४५,६०० भागिले ९१, खर्चच ५०१ झाला आणि ५५० मधले वीस टक्के नऊवर आले. सरळ उपाय दर वाढवायचा. पण आधी ते तेरा तास कुठे गेले ते बघा. चोवीस दिवसांत तेरा तास म्हणजे रोजचा साधारण अर्धा तास, आणि एवढा ठरावीक वेळ रोज कुठे जातो हे 'पोचलो'च्या नोंदीत सापडतं. टेक्निशियन नऊला हजर आणि पहिला कॉल साडेदहाला, असं दिसलं तर सकाळी एकदा ऑफिसच्या दारात उभे राहा. सहा जण स्टोअरच्या खिडकीपुढे ताटकळलेले असतात, कारण किल्ली ज्याच्याकडे आहे तो साडेनऊला येतो.